सीडर नसलेला डोंगर

विंडवर्ड, कॅरियाकू बेट
९ जुलै

चि. वर्लिन हिस,
अ. उ. आ.

टॉवर कोसळलाय, फोन बंद. म्हणून फेरीबोटीवरच्या खलाशाबरोबर ही चिठ्ठी देतोय. मी जिवंत आहे. घराला छप्पर नाही. जोडीदार सिल्व्हन आणि मी चार वर्षं बांधत आणलेली बोट वादळानं उचलून खडकावर आपटली. कणा मधोमध मोडला, मागचा अर्धा भाग समुद्रानं नेला. सिल्व्हन तिच्यासमोर बसून राहिला. मी त्याला म्हटलं, रडायचं तर रड बाबा. तो म्हणाला, रडायलाही अंगात पाणी लागतं, कालपासून प्यायलो कुठे?

तू काळजी करशीलच. जेवत जा.

तुझा दादा,
एल्डन

हडर्सफील्ड, इंग्लंड
२४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली, दोनदा वाचली. पण जेवणाचा उपदेश तू मला करावास? दोन-दोन दिवस नुसत्या रमवर काढणारा माणूस तू! आता माझं ऐक. गयानाहून लाकूड मागव, पैशाचं आम्ही इकडचे सगळे मिळून बघतो. नाहीतर सरळ इकडे निघून ये. खालची खोली रिकामी आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी मोडक्या भिंतीत राहून कुणाला काय दाखवायचंय? हट्टात तू आईवर गेलास, हे मला माहीत आहे.

उत्तर लवकर धाड. रागावलास तरी चालेल, गप्प राहू नकोस.

तुझी,
वर्लिन

विंडवर्ड
३० ऑगस्ट

चि. वर्लिन हिस,
अ. उ. आ.

रागावलो नाही. कण्याचं लाकूड गयानाहून येईल गं, पण बोटीच्या फासळ्यांना जन्मतःच वाकडा वाढलेला सीडर लागतो. तो आपल्या डोंगरावरचाच. चार दिवस कुऱ्हाड घेऊन फिरलो. सगळी झाडं मुळासकट आडवी झालीत, उन्हानं तडकलीत. नवे कोंब बोटाएवढे आहेत. ते वापरायजोगे व्हायला चाळीस वर्षं. हिशेब तूच कर.

मिस ओलिटा दोन नातींना घेऊन ताडपत्रीखाली राहत होती. तुला आठवते ना, शाळेपलीकडची? परवा पावसात ताडपत्रीही फाटली. मग मीच म्हटलं, उरलेली अर्धी बोट न्या. सगळं गाव दोराला लागलं. दर नवी बोट पाण्यात उतरवताना लागतं तसंच, फक्त समुद्राकडे पाठ करून. मध्येच कुणीतरी सवयीनं ओढायचं गाणं धरलं आणि दुसऱ्या ओळीला थांबलं. शाळेजवळ आम्ही ती पालथी घातली. मिस ओलिटानं आत चूल मांडली, मला मक्याच्या पिठाचा कुकू आणि तुरीचे दाणे वाढले. मी वाकून आत शिरलो, जेवलो. छान झालं होतं. वर फासळ्यांकडे मात्र बघवेना.

सिल्व्हन दुसऱ्या दिवशी मुलीकडे त्रिनिदादला गेला. निरोप घ्यायला आला नाही. बरं केलं.

मी नोव्हेंबरात येतो. खोलीत समुद्राकडची खिडकी नसेल, ते चांगलंच आहे.

माया असू दे.

तुझा दादा,
एल्डन