खिशातली पिन

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे खळ शिजवली, निवायला ठेवली आणि एक जाडजूड शब्दकोश बांधणीच्या प्रेसमध्ये घालून मूठ फिरवू लागलो. पुस्तकाचा कणा सरळ बसला की नाही ते बघायला वाकलो, तर डोक्यावरचे हेडफोन सुटून थेट प्रेसच्या पाटाखाली गेले. हात मूठ फिरवतच होता. तीस वर्षांची सवय, ती मध्येच थांबते थोडीच. कडकन आवाज झाला. हेडफोनचा उजवा कान चेपला आणि डोक्यावरची पट्टी मधोमध मोडली.

तुला हसू येईल, पण मी खालीच बसलो. शेजारच्या बाकावर एक बाई पुस्तकांचे फर्मे, म्हणजे छापील घड्या, दोऱ्याने शिवतात. त्यांनी तुकडे गोळा केले, वायर पिनेपासून नीट गुंडाळली आणि सगळं एका पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. बाइंडिंगच्या खोलीत आणखी पाच माणसं आहेत. ती आपापल्या कामाकडे बघत राहिली.

हेडफोन हिचे होते, तुला ठाऊकच आहे. कपडे शिवताना कानाला लावून बसायची. ही गेली त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून ते मी वापरत होतो, कामाचा सगळा वेळ.

आता नवे घ्यायला हवेत. महाग नकोत, पण टिकाऊ हवेत. भाऊजींनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, त्यांना विचारून कळव. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि भाऊजी दोन वाक्यांत ठेवून देतात. पत्रच बरं.

बाकी ठीक. सकाळी देवापुढे बसतो, मग चहा करतो. भांड्यात पाणी अजून दोघांचंच पडतं.

लोभ आहेच, त्यात खंड नसावा.

तुझा
धाकटा

*

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. हसले नाही. बरं, थोडंसं हसले. लहानपणी पाटी फुटली तेव्हाही तू असाच खाली बसला होतास आणि मास्तरांना वाटलं पोराला चक्कर आली.

यांना विचारलं तर खुर्चीत ताठ होऊन बसले. दुकान बंद केल्यापासून यांना कुणी काही विचारलेलं नाही, त्यामुळे पाऊण तास बोलले. मी जवळ बसून ओठांकडे बघत होते, तरी अर्धं पुन्हा विचारावं लागलं. सार असं. पेटी आणि चकाकी बघू नकोस. वायर कानात शिरते ती जागा बघ, हेडफोन मरतात ते तिथे. वायर काढून दुसरी लावता आली पाहिजे. स्क्रू दिसले पाहिजेत. नुसतं चिकटवलेलं असेल तर ते उघडत नाही, आणि उघडत नाही ते दुरुस्त होत नाही. कानाच्या गाद्या निघणाऱ्या हव्यात, कारण घामाने पहिल्यांदा त्याच सोलतात. बिनवायरचे घेऊ नकोस. आतली बॅटरी थकली की सगळंच टाकून द्यायचं. आणि दुकानातलं गाणं ऐकून भुलू नकोस. आपल्या पक्क्या ओळखीचा एखादा आवाज लाव, म्हणजे खरं-खोटं कळतं.

हे ऐकताना माझ्या मनात एक आलं. तू दिवसभर कान लावून बसतोस, पण ऐकतोस काय, हे एकदाही लिहिलं नाहीस. गाणी म्हणावीत तर तुला दोन ओळी धड येत नाहीत. कळव.

माझ्या कानांचं विचारू नकोस. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून डबीत ठेवलंय. कुणी काही बोललं की मी मान हलवते आणि हसते. काल अशीच हसले, तर समोरची शेजारीण ती जिन्यावरून कशी पडली ते सांगत होती.

आशीर्वाद आहेतच, पण पत्राला वेळ लावलास तर परत घेईन.

तुझी
ताई

*

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचा सल्ला कागदावर उतरवून घेतला आणि शनिवारी दुकानात गेलो. दुकान एका बाईंचं आहे. चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत बसतात. त्यांनी तीन हेडफोन समोर मांडले.

आम्ही बाइंडर लोक कुठलीही वस्तू हातात आली की आधी सांधा बघतो. पुस्तक फाटतं ते पानात नाही, पुठ्ठा आणि कणा जुळतात त्या खाचेत. म्हणून मी पहिला हेडफोन घेऊन तो मिटायला आणि उघडायला लागलो. आमच्याकडे नवीन बांधणी अशी पन्नास वेळा तपासतात. तिसाव्या वेळेला बाईंनी विचारलं, की तुम्ही हेडफोन घेताय की दाराची बिजागरी. पण चाळिसाव्याला तो कुरकुरलाच. दुसरा बिनवायरचा, हलका, दिसायला देखणा, पण कुठे एक स्क्रू नाही. तिसरा काळा, बोजड, शाळेतल्या डस्टरसारखा. त्याची वायर डाव्या कानातून सुटी होते, गाद्या बोटाने निघतात आणि चारही स्क्रू समोर दिसतात. किमतीलाही तोच मधला.

बाई म्हणाल्या, तुमच्या फोनवरचं काही लावून बघा. मी सांगितलं की फोन घरी राहिलाय. त्यामुळे तसाच परत आलो.

ऐकतो काय म्हणशील, तर सकाळच्या प्रार्थना, असंच काहीतरी.

दोन आठवडे उघड्या कानांनी काम करतोय. सुई कागदातून जाताना बारीक टपटप आवाज येतो, हे विसरूनच गेलो होतो. खोलीत सगळे हळू आवाजात बोलतात. मी मान वर केली की गप्प होतात. शिवणाऱ्या बाई तर माझ्याकडे बघतच नाहीत. आपण घरात नसताना घर जसं असेल तसं काहीतरी मला दिसतंय. लवकर काही घ्यायला हवं.

तुझं यंत्र डबीतून काढ. शिट्टी मारत असेल तर भाऊजी कशाला आहेत.

लोभ कमी पडू देऊ नकोस, सध्या जास्त लागतो.

तुझा
धाकटा

*

ता. २२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला, म्हणजे काहीतरी बिघाड सापडलाय. मला म्हणाले, तुझ्या भावाच्या फोनला पिन घालायला भोकच नाही.

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. तर म्हणाले, गेल्या वर्षी तो आला होता तेव्हा फोन तापतो म्हणून मीच तपासला. तसल्या फोनला वायरचे हेडफोन लावायचे तर मध्ये एक छोटा जोड घालावा लागतो, आणि असला जोड असतो हे त्याला ठाऊक असतं तर त्याने पहिल्याच पत्रात विचारलं असतं. मला आठवलं, आमच्या भावजयीचा जुना फोन वेगळा, त्याला भोक होतं. तो तर ती गेली त्याच महिन्यात बंद पडला, तूच लिहिलं होतंस.

मग चौदा महिने ती पिन कशात होती रे?

रागावले नाही. मी तरी दुसरं काय करते? मला ऐकू येत नाही आणि मी ऐकल्यासारखं करते. पण मला माझं सोंग कळतं, तुझं कळत नाही. आणि हे तुला दुसरं कोण विचारणार आता. खरं काय ते लिही. यांना दाखवायचं नसेल तर वर तसं लिही, दाखवणार नाही. (दाखवीन, पण सांगणार नाही.)

आशीर्वाद नेहमीचे, शिवाय एक जास्तीचा.

तुझी
ताई

*

ता. १ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पिन माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

ही गेल्यावर पहिल्या दिवशी कामावर आलो तर एकेक जण बाकाशी येऊन उभा राहायचा. चांगलीच माणसं. पण प्रत्येकाला उत्तर द्यायचं म्हणजे प्रत्येक वेळी ती पुन्हा गेली, असं सांगायचं. दुसऱ्या दिवशी मी तिचे हेडफोन घेऊन गेलो. गाद्यांना तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. ते कानावर ठेवले, पिन खिशात टाकली, आणि कुणी बोलायला थांबलं नाही. जो ऐकतोय त्याला कुणी हाक मारत नाही. पुढच्या आठवड्यात काढू म्हणत राहिलो. दोन-चार महिन्यांत वास गेला, तरी काढवले नाहीत. आत काहीच नसायचं, ताई. नुसती स्वतःच्या रक्ताची घरघर.

रोज सकाळी देवापुढे बसताना वाटायचं, आपण माणसांना फसवतोय, निदान इथे तरी खरं बोलावं. पण तिथेही नुसता बसून उठायचो.

दुकानात फोन घरी राहिला म्हणालो, तेही खोटं. तेवढ्यात तो खिशात वाजला. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि दुसरीकडे बघितलं. मी तो काढून दिला असता तरी लावायला ओळखीचं काय होतं? हिचा आवाज मी कधी भरून ठेवला नाही. रोज होती, म्हणून.

आणि प्रेसमध्ये हेडफोन मोडले तेव्हा वायर ओढली जाऊन पिन खिशातून बाहेर आली. बाकावर लोंबत होती. सगळ्यांनी पाहिली. शुक्रवारी धीर करून शिवणाऱ्या बाईंना विचारलं, की तुम्हाला काय वाटलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, की पहिल्याच आठवड्यात पिन दिसली होती, खिशाला भोक आहे तुमच्या. त्यांनीच बाकीच्यांना सांगून ठेवलं होतं, की ते ऐकताहेत, त्यांना हाक मारू नका. चौदा महिने सहा माणसांनी माझं खोटं सांभाळलं. आता ते मोडल्यावर काय करावं, हे त्यांनाही कळत नाही आणि मलाही.

भाऊजींना दाखव. त्यांनीच पकडलंय.

नवे हेडफोन घेऊ की नको, सांग. घेतले तर पुन्हा खिशातच जातील असं भय वाटतं.

लोभ असाच ठेव, माझी तेवढी लायकी नसली तरी.

तुझा
धाकटा

*

ता. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

थोडक्यात लिहिते, डोळे भरतात आणि शाई पसरते.

हेडफोन घे. पण आधी त्यात घालायला काहीतरी हवं. ओळखीचा आवाज नाही म्हणतोस, मी काय मेले का? यांनी फोनवर माझं बोलणं भरून तुझ्याकडे पाठवलंय. आपल्या शाळेत सकाळी म्हणायचो ती प्रार्थना म्हटली आहे. तिसरी ओळ आठवली नाही, तिथे यांनी मला कागदावर लिहून दाखवली. कसं झालंय मला ठाऊक नाही, माझं मलाच ऐकू येत नाही.

फोन आणि वायर यांच्यामध्ये घालायचा तो छोटा जोड दुकानातच मागून घे. हे म्हणतात, तोही चिकटवलेला घेऊ नको.

आशीर्वाद. रडत बसू नकोस.

तुझी
ताई

*

ता. १४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी प्रार्थना घरी ऐकली नाही. थेट दुकानात गेलो. बाईंना म्हटलं, आज फोन आणलाय. त्या म्हणाल्या, त्या दिवशीही होता. मग दोघेही हसलो.

जोड लावला आणि तिन्ही हेडफोन तुझ्यावर तपासले. तू इतकी ओरडली आहेस की पहिल्या वेळी मी दचकलो आणि बाईंनाही बाहेरून ऐकू गेलं. त्यांनी विचारलं, कोण रागावलंय. म्हटलं, बहीण आहे, देवाशी बोलते आहे.

पहिल्या हेडफोनमध्ये तुझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दुसऱ्यात गोड, पण तू तशी नाहीस. तिसऱ्यात, त्या डस्टरमध्ये, तू होतीस तशी होतीस. तिसऱ्या ओळीपाशी कागदाची सळसळसुद्धा आली. आणि शेवटी असं काही ऐकू आलं, जे आधीच्या दोन्हींत नव्हतं. प्रार्थना संपली, फोन बंद झाला असं तुला वाटलं असणार. तू भाऊजींना विचारलंस, की त्याला ऐकू येईल ना. ते हळूच म्हणाले, येईल. तुला कळलं नाही. तू पुन्हा विचारलंस. ते पुन्हा म्हणाले, येईल. तिसऱ्यांदा विचारलंस, तेव्हाही त्यांनी आवाज चढवला नाही, तेवढंच हळू, येईल गं. भाऊजी घरात असे बोलतात, हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल. डबीतून यंत्र काढ, ताई. तू रोज किती गमावतेस, त्याची तुला कल्पना नाही.

तिसरा हेडफोन घेतला.

सोमवारी शिवणाऱ्या बाईंच्या बाकाशी गेलो. मी हेडफोन लावले त्या पहिल्या दिवशी त्या काही विचारायला आल्या होत्या आणि तशाच मागे फिरल्या होत्या. ते मनात राहिलं होतं. दुःखाचं काही असेल, आता ऐकून घ्यावं, असं ठरवून विचारलं. त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, जाड दोरा लावू की बारीक, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही ऐकत होतात, मग मी बारीकच लावत राहिले. चौदा महिन्यांची पुस्तकं बारीक दोऱ्याने शिवली गेली आहेत, ताई. त्यातली कितीतरी उसवून माझ्याकडेच परत येणार. खोलीत पहिल्यांदा सगळे मोठ्याने हसले, मला धरून. जाड लावा, मी म्हटलं. मग हिच्याबद्दलही त्यांनी विचारलं. मी सांगितलं. फार नाही, जेवढं सांगता आलं तेवढं.

रोज सकाळी देवापुढे बसलो की तुझी प्रार्थना ऐकतो. तिसऱ्या ओळीला तू अडतेस तिथे मी पुढची म्हणतो. मग हेडफोन देवाच्या फळीखालच्या खिळ्याला टांगतो आणि तसेच ठेवून, मोकळ्या कानांनी कामावर जातो. आज पाचवा दिवस.

लोभ आता ऐकू येईल एवढा आहे. असाच मोठ्याने कर.

तुझा
धाकटा