आवाज खाणारं ॲप

३ मार्च, सोमवार

फुकट मिळालेल्या ग्रुपचा खरा हिशेब आज लागला. आमचं काय गेलं — सगळी बोलणी, सगळी भांडणं, कोण कधी कुठल्या गच्चीवर होता ते, आणि वर्षानुवर्षं साठवलेले लिफ्टचे आवाज. आम्हाला काय मिळालं — एक निळं बटण.

कंपनीचा मेल आलाय. महिनाअखेरपासून माणशी भाडं. नाही भरलं तर जुनं सगळं बंद, शेवटचे तीन महिने तेवढे दिसणार. माल आपला, गोदाम त्यांचं, कुलूपही त्यांचंच. बीळ आपण खणून दिलं, आता नागोबा भाडं मागतोय.

५ मार्च, बुधवार

माझं दुकान आवाजावर चालतं. लिफ्टची दुरुस्ती बाकीचेही करतात, पण ही पद्धत आमचीच. फिटर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जातो, मोटरीला फोन लावतो, आवाज ग्रुपवर टाकतो. मी इथे खुर्चीत बसून सांगतो — ब्रेक घासतोय, पुली झिजली, बेअरिंग कोरडं पडलं. शाळा चौथीत सुटली, पण आजवर एकही लिफ्ट माझ्या कानाशी खोटं बोललेली नाही. गावभर माहीत आहे ते.

मिस्त्री पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. कोणाचाही आवाज येवो, हा आधी ऐकणार आणि खाली एक ओळ लिहिणारच — ‘मालक, वरून बारीक शिट्टी येतेय, बघा.’ आज म्हटलं, ‘अरे, गवयाला सा दाखवतोस?’

‘बोटांना सवय लागलीय, मालक,’ म्हणाला.

हे आवाज गेले तर नव्या पोरांना शिकवायचं कशावर? पुस्तक मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. माझ्यामागे हीच शाळा राहायची आहे.

९ मार्च, रविवार

सूनबाईला विचारलं. ती एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळते. म्हणाली, ‘बाबा, मोकळी ॲपं असतात. कोणा एकाच्या मालकीची नसतात. आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं. आपल्याच कॉम्प्युटरवर बसवायची, म्हणजे आपला माल आपल्या घरात. जुने आवाजसुद्धा उचलून आणता येतील.’

म्हटलं, मालक नसलेली वस्तू मला एकच ठाऊक आहे — भटकं कुत्रं.

आतून ही म्हणाली, ‘ते निदान ओळख तरी ठेवतं.’

सूनबाईने तीन ॲपं निवडली आहेत. एकेक करून बघायची. फिटरांना तिने बजावलंय — चाचणीपुरते फक्त आवाज टाका. गप्पा नकोत, खाली लिहिणं नको, कुठे काय अडतं ते मला कळू दे.

बरं वाटलं. घरातलं माणूस घरच्या कामाला येतंय.

१२ मार्च, बुधवार

पहिलं ॲप दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसलं. आमच्यात एक फिटर आहे, त्याला सगळे वकील म्हणतात — पाना मागितला तरी आधी युक्तिवाद करतो. त्याने विचारलं, ‘याला मालक नाही म्हणता, मग बिघडलं तर शिव्या कोणाला घालायच्या?’

‘मला,’ सूनबाई म्हणाली. वकील युक्तिवाद न करता कामाला लागला. असं पहिल्यांदाच झालं.

पण आवाज! मोटर आंघोळ घालून आणल्यासारखी गुळगुळीत. दोन मशीनच्या बेअरिंगचा मला आधीपासून संशय होता, त्यांचेच आवाज मागवले. कोरड्या बेअरिंगची ती बारीक शिट्टी, तिचं नाव नाही. हे ॲप आवाज खातं.

१४ मार्च, शुक्रवार

सूनबाईने तपासलं. ‘बाबा, फाईल जशीच्या तशी येतेय. एक कणही कमी नाही, मी मोजून बघितलं.’

मी म्हटलं, मोजणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

तिचा चेहरा उतरला. पण खोटी भलावण कशी करू? धंद्याचा प्रश्न आहे.

१७ मार्च, सोमवार

दुसरं ॲप. यात प्रत्येकाला आपली एक गुप्त चावी — लांबलचक आकडे-अक्षरं, ती जपून ठेवायची. संध्याकाळच्या आत दोघांनी हरवली. वकील म्हणतो, ‘मीच लिहिलेलं मला वाचता येईना. माझी बायकोसुद्धा माझ्यापासून इतकं लपवत नाही.’ सगळे हसले. मीही.

आवाज? खाल्लेला. याने तर जास्तच.

१९ मार्च, बुधवार

सूनबाई घरात माझ्याशी मोजकं बोलते. लिहावंसं वाटत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

तिसरं. हे सोपं. सगळ्यांना आवडलं, मलाही आवडायला हरकत नव्हती. जुने आवाजही त्यात आणता येतात, तिने थोडे आणून दाखवले. मला वाटलं, सुटलो.

दुपारी प्रसूतिगृहाच्या लिफ्टचा आवाज आला. ऐकला. परत ऐकला. सांगितलं — बेअरिंग ठणठणीत आहे, ब्रेक जरा सैल करा.

कोणी उत्तर दिलं नाही. जुन्या ग्रुपवर लगेच ‘हो मालक’ येतं.

२४ मार्च, सोमवार

भंगाराच्या पेटीत एक बेअरिंग दिसलं. कोरडं, तापून निळं पडलेलं. प्रसूतिगृहाचं! मिस्त्रीने मला न विचारता बदललं होतं.

‘कोणी सांगितलं तुला?’

‘ऐकू आलं, मालक.’

‘कुठे?’

‘त्या तिसऱ्या ॲपवरच.’

म्हटलं, शक्य नाही. तू खोलीत उभा असशील, तिथे ऐकलं असशील. फोनवर ते आलंच नाही.

त्याने पेटी पायाने बाजूला सारली. मग म्हणाला, ‘तसंच असेल.’ कधी वाद घालत नाही हा माणूस.

त्याच्यामुळे निभावलं. नाहीतर एखादी बाई कळा देत दोन मजल्यांच्या मध्ये अडकली असती, आणि मी इथे ‘ठणठणीत’ म्हणून बसलो असतो. तिसरंही बाद.

२८ मार्च, शुक्रवार

सूनबाई दुकानात आली, सगळ्यांसमोर म्हणाली, ‘बाबा, तिसरं ठेवू या. एकदा माझं ऐका.’

मी म्हटलं, ऐकूनच तर नाही म्हणतोय.

मिस्त्रीला विचारलं, तू बोल. तो हात पुसत म्हणाला, ‘जुनंच बरं, मालक. तिथे खाली लिहायची सवय आहे.’

‘लिहायचं काय, ते इथेही येईल की!’ ती म्हणाली. आणि बोलता बोलता थांबली. त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पर्स उचलली आणि निघाली.

सगळे माझ्या बाजूचे, तरी दुकानात एकटा असल्यासारखं वाटलं.

३१ मार्च, सोमवार

सही केली. वर्षभराचा करार, मधे सोडता येत नाही. माणशी भाडं म्हणून सातच जागा घेतल्या. हाताखालची नवी पोरं ग्रुपमधून काढावी लागली. ज्यांच्यासाठी आवाज राखले तीच बाहेर.

वकील म्हणाला, ‘शाळा वाचवली, मालक. मुलांना तेवढं घरी पाठवलं.’

सूनबाईने तिन्ही ॲपं पुसून टाकली आणि कॉम्प्युटर होता तसा करून दिला. वायरी नीट गुंडाळून ठेवल्या. रागावली असती तर बरं झालं असतं.

आपल्याच घरात भाडेकरू झालो. पण आवाज तरी शाबूत आहेत — हे स्वतःला सांगतोय सकाळपासून.

२ एप्रिल, बुधवार

जुन्या ग्रुपवरचे आवाज काढून बसलो. ज्यांत मी बेअरिंगचा बिघाड ओळखला होता, ते नावाजलेले. मिस्त्रीची ओळ अंगठ्याने झाकली आणि ऐकले. शिट्टी एकातही नाही.

फोन सूनबाईच्या हातात दिला. तिला सगळ्यांत ऐकू आली.