मोरांचं कव्हर

अण्णा, कॉम्प्युटर मी बिघडवला नव्हता. हे तुम्हाला तोंडावर ऐकवायचं होतं, पण मला कळेपर्यंत तुम्ही गेलेले होतात. स्वतःचंच खरं करून गेलात, याचा राग अजून जात नाही.

आपल्या गल्लीतला तो पहिला कॉम्प्युटर. सदर बाजारातून तुम्ही तो ऑटोत मांडीवर धरून आणलात. आईने मॉनिटर आणि सीपीयू दोन्ही झाकतील असं जाड कव्हर शिवलं, वर मोर भरले. धुळीचा तुम्हाला भारी तिटकारा. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, मिक्सरलासुद्धा. मी काम अर्धं टाकून जेवायला उठले, की तुम्ही येऊन कव्हर घालणार, मशीन चालू असो की बंद. परत येऊन मी ते काढायची, तर मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालेलं, आणि टाइप केलेलं सगळं गायब. मी समोर बसलेली असताना असं कधीच व्हायचं नाही.

सीपरी बाजारातून मेकॅनिक आला. दुपारभर त्याने मशीन उघडंच चालू ठेवलं. "मशीन तो एकदम ठीक है, बाबूजी." तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "ऐकलंस? मशीन ठीक आहे, खोट तुझ्या हातात आहे. भैया, आप ही बताइए, लड़कियों का काम है ये?" तो हसला. पुढे पाहुण्यांसमोर हा किस्सा तुम्ही काय रंगवून सांगायचात! माझा कॉम्प्युटरचा क्लास बंद केलात. मी रडले, जेवले नाही, तुम्ही ढिम्म हलला नाहीत. मला प्रोग्रामिंग शिकायचं होतं, अण्णा. जन्म गेला शाळेत हिंदीच्या वह्या तपासण्यात.

तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी तो कॉम्प्युटर माळ्यावरून काढला. सकाळपासून नुसता चालू ठेवला. काही झालं नाही. दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि आई येता-जाता सवयीने कव्हर घालून गेली. थोड्या वेळाने मशीन बंद पडल्याची तीच ओळखीची खट्ट, मग पुन्हा पंख्याची घरघर. मी पिठाच्या हातांनीच धावले. सीपीयूला हात लावला तर चटका बसला. मागचा पंखा कव्हरात कोंडला होता.

"चालू मशीनवर कशाला घातलंस गं?"

"त्यांनीच सांगितलं होतं ना, कुणी उठलं की लगेच झाकायचं."

मी हसत सुटले. आई घाबरली. मग तेच कव्हर नेऊन बैठकीतल्या तुमच्या फोटोवर घातलं. आई होती तोवर ती काढायची, मी परत घालायची. आता काढणारं कुणी नाही. कुणी विचारलंच तर अगदी तुमच्या थाटात सांगते, "धूळ फार येते हो." असं म्हणताना जे बरं वाटतं ना, ते तुम्हाला कळायला हवं होतं.

हे पत्र टाकणार कुठे? फोटोमागे खोचून ठेवीन. एकच सांगायचं राहिलं. सध्या लू सुटली आहे, भाजून काढणारा वारा. आज दुपारी बैठकीतून जाताना थांबले आणि कव्हराचा एक कोपरा वर करून खिळ्याला अडकवला. माफ केलेलं नाही. थोडी हवा लागावी म्हणून.