लेओकादिओ ताडावरून पडला

सांतियागो, १० जून १९७९

ती. क्लोतिल्देआजीस,
ओदालिसचा शि. सा. न. वि. वि.

पदवी मिळाली. बाबांनी ती साऱ्या गल्लीला दाखवून आणली. परत आली तेव्हा तिच्यावर कॉफीचा डाग होता. आपल्या घरातली पहिलीच पदवी, डागासकट भिंतीवर लागली.

आता मी आपल्या घराण्याचा शोध सुरू केला आहे. आमच्या इतिहासाच्या बाई सांगायच्या की आधी जिवंत माणसांना विचारा, मग चर्चमध्ये जा, मग कबरस्तानात. चर्चमधली बाप्तिस्म्याची वही वाळवीने खाल्ली. तिथला सेवक म्हणाला की पोरी, तुझ्या पूर्वजांची नावं आता वाळवीलाच विचार. म्हणून तुला विचारते. तुझे वडील लेओकादिओ, म्हणजे माझे पणजोबा, डुकरांसाठी ताडाची फळं उतरवताना दोर तुटून पडले, एवढंच आम्हाला ठाऊक. कोयता घेतलेला त्यांचा फोटो मी मोठा करून घेतला आहे. जुलैत कार्निवलला सगळे जमतील तेव्हा वंशवृक्ष लावीन, मुळाशी ते. त्यांच्याबद्दल आठवेल ते लिही.

याही कार्निवलला तुझा धाकटा भाऊ, बाबांचे वडील, नसतील. रामिरोआजोबा नाचात कधी हात वर करायचे नाहीत, आम्ही त्यांना खांब म्हणायचो. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता रीतीप्रमाणे कबर उघडून अस्थी काढायच्या आणि पेटीत ठेवायच्या. सोंगोच्या कबरस्तानात मीच जाणार आहे.

लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझी ओदालिस


एल मामेय, १८ जून १९७९

चि. ओदालिस हिस,
क्लोतिल्देचे अनेक आशीर्वाद.

एकसष्ट साली साक्षरतेच्या मोहिमेत कंदील घेऊन आलेल्या मुलीने मला म्हातारपणी अक्षरं शिकवली. तू मला एवढं लिहायला लावणार हे कळलं असतं, तर मी तो कंदील फुंकून टाकला असता.

लेओकादिओ बाराकोआकडचा. छान चढायचा, मोठ्याने हसायचा. पडला आणि मेला. झाडाच्या मुळाशी माणूस कशाला हवा, तिथे माती असते. रामिरोच्या अस्थी नीट पुसून पांढऱ्या कापडात ठेव. दुसऱ्या पेट्यांना हात लावू नकोस.

माझे गुडघे आता तो डोंगर उतरू देत नाहीत. तूच इकडे ये. तुझ्यासाठी कोंबडा राखला आहे. तो इतका माजलाय की मलाच अंगणातून हाकलतो.

आठवण ठेव, बाकी काही नको.
क्लोतिल्देआजी


सांतियागो, २६ जून १९७९

ती. क्लोतिल्देआजीस,
शि. सा. न.

तुझं ऐकलं नाही. तिथेच ठेवलेली लेओकादिओंची पेटी कुजून फुटली होती, म्हणून त्यांच्या अस्थी मीच नव्या पेटीत भरायला घेतल्या. कवटीत मागच्या बाजूला चार बोटं लांब, सरळ चीर आहे. माझं बोट आत गेलं. दुसरी चीर खांद्याच्या फऱ्यात. मांड्या, नडग्या, कंबर, सगळं धड. आजी, ताडावरून पडलेल्या माणसाचं एकही हाड मोडत नाही का? त्यांना कुणीतरी मागून कोयत्याने तोडलं आहे.

बाबा म्हणाले की कार्निवलच्या तोंडावर असलं काही उकरू नकोस. पण मग मी शिकले कशाला? मला खुन्याचं नाव हवं. त्याची माणसं अजून तिथे राहत असतील, तर त्यांच्या दारात जाऊन मी त्यांना विचारणार आहे.

लोभ असेल तर खरं लिही.
ओदालिस


एल मामेय, ४ जुलै १९७९

चि. ओदालिस,

दारात यायचं तर माझ्याच ये.

लेओकादिओ माझा बाप नव्हे. माझा बाप कास्तुलो. बारा साली मी आठ वर्षांची होते. काळ्यांनी आपला पक्ष काढला म्हणून डोंगरात सैनिक आले. पक्षातला आहे की नाही ते कुणी विचारत नव्हतं, कातडी बघून मारत होते. लेओकादिओ त्यांचा वाटाड्या. तोही आपल्याच रंगाचा.

बाप खळ्यात कॉफी वाळत घालत होता. लेओकादिओने त्याच्याकडे बोट दाखवलं. सैनिक म्हणाला की गोळी कशाला वाया घालवू, तूच उरक. बापाने हात वर केला, म्हणून पहिला घाव हातावर बसला. बोटं कॉफीच्या दाण्यांत पडली. दुसरा मानेवर. मग घोड्याला बांधून त्याला फरफटत नेलं. त्याला कबर नाही.

थोड्या दिवसांनी लेओकादिओ परत आला आणि माझ्या आईला, एउसेबियाला, म्हणाला की माझ्या घरी चल, तर पोरगी जगेल. आई गेली. रामिरो त्या घरात जन्मला, लेओकादिओचा.

तो आम्हा दोघींना मारायचा. आईने ते सोसलं. मग एकदा जेवताना तो रामिरोला हसत हसत दाखवायला लागला की कास्तुलोने हात कसा वर केला होता. रामिरो चार वर्षांचा. तोही हसला आणि त्यानेही हात वर केला. आईने ते पाहिलं.

सकाळी लेओकादिओ ताडाच्या बुंध्याशी वाकून पायाचा दोर बांधत होता. आईने त्याचाच कोयता उचलला, तुझ्या फोटोतला. मी रामिरोचं तोंड माझ्या पोटाशी दाबून धरलं, पण कान कसे झाकणार? पहिल्या घावाला तो ओरडला, दुसऱ्याला नाही. मग आईने दोर कापला आणि गावाला सांगितलं की तो पडला. गावाने प्रेत पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि म्हटलं की हो, पडला. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्याने दाखवून दिलं होतं.

तर तू मारणाऱ्याची, मी मेलेल्याची. मुळाशी कुणाला लावायचं ते आता तूच ठरव. कोंबडा अजून आहे. यायचं नसेल तर तसं कळव, मी त्याला विकून टाकीन.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.
क्लोतिल्दे


सांतियागो, ११ जुलै १९७९

ती. क्लोतिल्देआजीस,
ओदालिसचा शि. सा. न.

फोटो उतरवला. फाडणार होते, पण त्यातली हनुवटी माझीच आहे. वंशवृक्षात लेओकादिओ आहे. तो कसा मेला आणि त्याने काय केलं, दोन्ही लिहिलं. कास्तुलोही आहे, आणि त्याला कुणी मारलं तेही. मुळाशी एउसेबिया. तिच्यापासून दोन फांद्या निघतात, एक तू, एक रामिरोआजोबा.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले की हात वर करत नाहीत म्हणून आपण त्यांना उगाच खांब म्हणायचो.

रविवारी येते. बाबाही येतील. कोंबडा विकू नकोस. आधी मला ते खळं दाखव. कास्तुलोला कबर नाही, तर निदान तिथे त्याच्या नावाचा दगड ठेवू.

मी मारणाऱ्याची आहे, ते खरं. पण तुझ्या आईचीही आहे. तेवढ्याच नात्याने मागते: लोभ असू दे.
तुझी ओदालिस