सासूबाईंच्या दारातलं गटार

तीर्थस्वरूप दाजींना,

तुमच्या मेव्हण्याचा कोठडीतून वाकून नमस्कार. (उभं राहून वाकलं की डोकं वरच्या बाकाला लागतं, म्हणून बसूनच वाकलो आहे. गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? मी बरा आहे. वजन घटलं आहे, पण ते घटायलाच हवं होतं असं इथले डॉक्टर म्हणतात.

तर झालं असं की नवा कायदा आला आहे. किरकोळ गुन्ह्यातल्या कैद्यांना, त्यांची तयारी असेल तर, बाहेर लोकांच्या उपयोगी कामाला नेता येतं. गटारं उपसणं, शाळा रंगवणं, असलं काहीबाही. काम नीट केलं तर शिक्षेत थोडी सूटही मिळते. (माझा गुन्हा तुम्हाला ठाऊकच आहे. एकच टेम्पो दोघांना विकला गेला. माझ्या मते तो गोंधळ होता, न्यायाधीशांच्या मते नव्हता.) जेलरसाहेबांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हात वर केला. समाजसेवेची ओढ वगैरे काही नाही, शेजारच्या बाकावरचा गृहस्थ घोरतो, आणि तो दिवसासुद्धा झोपतो.

गाडीच्या जाळीतून झाडं दिसली, दुकानं दिसली, मन कसं हलकं झालं. मग एक औषधाचं दुकान ओळखीचं वाटलं. त्यापुढचं सायकलदुरुस्तीचंही. गाडी वळली आणि मी जाळीपासून मागे सरकलो. गल्ली सासूबाईंची होती, आणि तुंबलेलं गटार नेमकं त्यांच्या दारातलं. त्यांना आम्ही नवराबायकोनं सांगून ठेवलं होतं की जावई दूर डोंगरात धरणाच्या कामावर आहेत आणि तिथं फोन लागत नाही.

मी तोंडाला फडकं गुंडाळलं आणि सगळ्यांच्या आधी गटारात उतरलो तो वर आलोच नाही. बाकीचे दम खायला काठावर बसत, मी आपला खाली. आमचे हवालदार माणूस भले, पण त्यांना कौतुकाची फार हौस. त्यांना वाटलं, मी कामाला वाहून घेतलं आहे. ते गल्लीतल्या माणसांना बोलावून मला दाखवू लागले. "बघा, पश्चात्ताप म्हणतात तो असा." लोक वाकवाकून बघू लागले आणि मी मान आणखी खाली घातली.

शेवटी सासूबाई स्वतःच चहा घेऊन आल्या. काठावर उकिडव्या बसल्या आणि कप पुढे केला. फडकं न काढता चहा कसा प्यावा, या विवंचनेत मी असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "धरण पुरं झालं वाटतं?"

दाजी, गटार आणखी दोन हात खोल असायला हवं होतं. मी "होतच आलंय" असं काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "आधी चहा प्या, निवतोय."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. हिला खोटं बोलताना कानाची पाळी ओढायची लहानपणापासून खोड आहे, आणि धरणाचा विषय निघाला की कान लालबुंद होत असे. मग त्यांनी बाहेर चौकशी केली. "बोलला का नाहीत?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. पोर एकटी सगळं ओढते आहे. त्या धरणापायी तिला माझ्याकडे येऊन रडताही येईना."

मी फडकं जरा वर करून चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी हे कोण म्हणून विचारलं. सासूबाई मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "आमचे जावई. सध्या तुरुंगात असतात." (लोक 'बँकेत असतात' म्हणतात ना, त्याच चालीवर.) बाईंना पुढं काय विचारावं सुचेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचंही गटार उपसून मिळेल का, एवढं विचारलं. माझ्या जिवात जीव आला. फडकं सोडलं आणि छातीभर श्वास घेतला. हवा गटाराचीच होती, पण मला फार गोड लागली. मग सासूबाईंनी आमचं काम तपासलं, उतार चुकला आहे म्हणाल्या, आणि सगळं पुन्हा खणायला लावलं. हवालदारांनासुद्धा.

संध्याकाळी आईचा निरोप मिळून ही कामावरून थेट तिथंच आली. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली. हवालदार पाठ फिरवून उभे राहिले. मी रिकामा कप धरून चिखलात उभा होतो, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटत होतं. दाजी, खरं उघड झाल्यावर गाढ झोप लागते. तो शेजारचा घोरतो हेही रात्री कळलं नाही. यापुढे आपण लपवाछपवी करायची नाही, असं मी पक्कं ठरवलं आहे.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. पुढच्या आठवड्यात आमची तुकडी तुमच्या रस्त्यावर येते आहे. तुमची बायको, म्हणजे माझी ताई, अजूनही मला धरणावरच समजते. त्या वेळी तिला पटवलं तुम्हीच, तेव्हा आता खरं काय तेही तुम्हीच सांगून टाका. माझी छाती होत नाही. फार तर तिला त्या दिवशी कुठंतरी फिरायला न्या.

ता. क. २. हे पत्र तुमच्या कचेरीत पाठवणार होतो, पण हवालदार म्हणतात, नियमाप्रमाणे ते घरच्या पत्त्यावरच जातं. तेव्हा ताई, पाकीट तूच फोडलं असशील तर दाजींना काही बोलू नकोस. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. वरचा ता. क. वाचू नकोस.