गावकऱ्यांचा डाव

सर,

शाळेच्या कपाटात सहभागाची कोरी प्रमाणपत्रं पडून आहेत, त्यांच्याच मागच्या बाजूला हे लिहीत आहे. कागद जाड आहे, शाई पलीकडे उमटत नाही. ही प्रमाणपत्रं मीच छापून घेतली होती, गावातल्या लोकांसाठी. त्यातलं एकही वाटलं गेलं नाही. तुम्ही असता तर मला काहीतरी बोलला असता आणि ते ऐकून कदाचित बरं वाटलं असतं.

मी मैदानावर पहिल्यांदा आले ती दुधाची किटली घेऊन. सहावीत होते. स्टँडवरच्या हॉटेलात दूध घालून घरी चालले होते, खो-खो चालू दिसला म्हणून कडेला थांबले. हळद शिजवतात त्या कढईखालची राख तुम्ही घमेल्यात भरून आणायचात आणि तिनेच मैदानाच्या रेघा मारायचात. त्या दिवशीही तुमचे हात कोपरापर्यंत राखेने भरलेले होते. तुम्ही विचारलं, "काहून उभी हायस गं?" मी म्हटलं, "बघून राहिले, सर." "बघायला काय हाय इथं? ठेव ती किटली खांबाजवळ आन् बस त्या दोघींच्या मधी." मला खो मिळाला तेव्हा कुठल्या बाजूला पळायचं हेही ठाऊक नव्हतं. मी उलटीच पळाले. सगळे हसले, तुम्हीसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आले.

तुमचा तो एकच नियम होता. कडेला थांबला तो एक डाव खेळूनच पुढे जाणार. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालेली माणसं चहाला उतरायची आणि भस्म लावायच्या आधी आपल्या मैदानाची राख लावून जायची. सायकल दुरुस्तीवाले चाचा पंक्चरची ट्यूब हातात घेऊन येतात, म्हणतात, "मास्तर, गिऱ्हाईक खोळंबलंय." तुम्ही म्हणता, "त्यालाबी आणा." मग चाचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून पळतात, दुसऱ्या वळणावर बाद होतात आणि "बराबर मलाच धरता तुमी, तुमाला दुसरं कोणी घावत न्हाई" असं म्हणत ट्यूब उचलून दुकानाकडे जातात. हे मला अजून काल घडल्यासारखं दिसतं.

तुम्ही मला एकदाच शिक्षा केलीत. तालुक्याच्या सामन्याला चार दिवस राहिले होते आणि मी तक्रार केली की हे येणारे-जाणारे लोक आमचा सराव बिघडवतात. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "आज तू भाईर उभी राहा. नुसती बघ." तासभर मी लिंबाच्या झाडाला टेकून उभी होते. चाचा माझ्या जागेवर बसले होते आणि मधूनच माझ्याकडे बघून हात हलवत होते. मला रडू आलं होतं. तालुक्याला आपण हरलो, ते मात्र फारसं आठवत नाही.

आता मी त्याच शाळेत खेळ शिकवते. राज्याची स्पर्धा आपल्या गावात भरावी म्हणून अर्ज केला तो मीच. अर्जात एक रकाना होता, स्पर्धेमुळे स्थानिक लोकांना काय लाभ होईल? मी लिहिलं, गावातील मुले, मुली व प्रौढ मोठ्या संख्येने खेळाकडे वळतील. मनापासून लिहिलं, सर. मला वाटलं, तुम्ही एकेकाला हाताला धरून आणत होता, ही स्पर्धा सगळ्यांना एकदम आणेल.

स्पर्धा झाली, आणि छान झाली. आपल्या काळ्या रानावर मुरूम पडला, त्यावर मॅट आली, मावळतीच्या बाजूला सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या. कुरुंद्याहून, पार पुसेगावहून लोक गाड्या करून आले. ज्या बायकांनी कधी मैदानाकडे मान वळवली नव्हती त्या डबे घेऊन दुपारपासून जागा धरून बसल्या. एका मुलीने खांबाजवळ अशी हूल दिली की पाठलाग करणारी सरळ पुढे निघून गेली आणि सगळ्या पायऱ्या एकदम उठून उभ्या राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, तुम्ही हवे होतात.

शेवटच्या दिवशी मी गावकऱ्यांचा डाव ठेवला होता. अंतिम सामना संपला की मॅट गावासाठी मोकळी. माईकवरून मी स्वतः सांगितलं, ज्यांना खेळायचं आहे त्यांनी खाली यावं. कुणी उठलं नाही. वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्या पायरीवर चाचा दिसले. आता थकलेत, पण दुकानात अजून बसतात. मी जवळ जाऊन म्हटलं, "चाचा, तुम्ही तरी चला." त्यांनी हात जोडले. "न्हाई बेटा. आत्ता बघितलं ना तू, खेळ कशाला म्हणतात ते. आमी काय खेळत होतो? नुसत्या उड्या मारत होतो." शेजारची बाई म्हणाली, "मॅडम, फोटो काढून राहिलेत सगळे. हसं करता का आमचं?" सगळे हसले. कुणी वाईट बोललं नाही. पाच मिनिटांनी मंडपवाले दोर सोडायला लागले.

पुढचा आठवडाभर मैदान भरलं होतं. पोरं सूर मारायची, गुडघे फोडून घ्यायची. मग एकेक जण कमी झालं. घरी जाऊन विचारलं तर उत्तर एकच, "तसं येत न्हाई, मॅडम." तसं कुणालाच येत नव्हतं, सर. पण आधी ते माहीत नव्हतं. मी हे कुणाला कसं सांगू? मैदानाला कुलूप नाही, मॅट शाळेची आहे, कुणी कुणाला अडवलेलं नाही. संध्याकाळी लोक येतातही. पायऱ्यांवर बसतात, मोबाइल बघतात, मधूनच खाली चाललेला खेळ बघतात. तुमचा नियम मी दोनदा सांगून पाहिला. ते प्रेमाने म्हणतात, "तुमचं चालू द्या, आमी हाव ना बघायला." पायऱ्या बसण्यासाठीच बांधल्या आहेत, आणि त्या मागितल्या होत्या मीच.

आता रोजच्या येणाऱ्या आठ मुली उरल्या आहेत. दोघी पळतात, एक पाठलाग करते, पाच रांगेत बसतात. त्यातल्या एकीचं पुढच्या महिन्यात शिक्षणासाठी नांदेडला जायचं ठरलं आहे. परवा एक मुलगी आली नव्हती, तेव्हा तीच माझ्याकडे आली. मी खालच्या पायरीवर शिट्टी घेऊन बसले होते. म्हणाली, "मॅडम, एक जण कमी पडून राहिली. तुमी बसता का आमच्यात?" मी मागे वळून पाहिलं. वरपर्यंत माणसं बसली होती, चाचासुद्धा होते. मी म्हटलं, "गुडघा दुखतो गं." ती बरं म्हणाली आणि पळत गेली. रांगेत एक जागा मोकळी ठेवूनच त्यांनी डाव सुरू केला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझा गुडघा दुखत नाही, सर. कधीच दुखला नाही.