रेणूची हरकत

४ ऑगस्ट, सोमवार

तांड्यावरच्या शाळेचे मुख्याध्यापक बबनराव आज घरी आले. दुसरीतली रेणू वर्षभरात वर्गात एक शब्दही बोललेली नाही. तिला गतिमंद मुलांच्या निवासी शाळेत पाठवावे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. मी तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका; शाळा समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून माझे नाव असल्यामुळे लेखी मत मी द्यायचे. बैठक अठरा तारखेला.

"बोलत नाही, म्हणजे समजत नाही, जिजाबाई."

हा हेतू नव्हे, हेत्वाभास, कारणाचा नुसता भास! न बोलण्याची कारणे शंभर असू शकतात. बबनराव दुष्ट नाहीत, थकले आहेत. चार वर्ग आणि शिक्षक दोन. परंतु त्यांचे म्हणणे खोडायला माझ्याकडे तरी काय आहे? मी ती मुलगी पाहिलेलीही नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

तांड्यावर जाऊन आले. रेणूचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा मुलगी आजीपाशी, धुरपताबाईंपाशी असते. घरात सगळे गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. मी अंगणात पोचले तेव्हा रेणू त्याच बोलीत एका शेळीला रागे भरत होती— अखंड, सविस्तर! मला पाहिले आणि ओठ मिटले.

"बोलत नाई म्हनून येडी?" धुरपताबाई कडाडल्या. "आमचा बैल बी बोलत नाई, पन बरोबर घरी येते. पोरीनं पहिलीत आपल्या बोलीत पानी मांगतलं, तं सारा वर्ग हासला. मंग कायले बोलंन ते?"

वडील लालसिंग बाजेवर बसून ऐकत होते. "दूरच ठेवाची असंन तं मी तिले ऊसाले नेतो, बाई. डोयासमोर तं राहीन."

म्हणजे प्रस्ताव मंजूर झाला, तर रेणू त्या शाळेत जाणार नाही आणि या शाळेतही उरणार नाही. तिचे शिक्षणच संपले.

७ ऑगस्ट, गुरुवार

मत लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. दोन्ही खोडल्या. शेळी हा पुरावा म्हणून समिती मानणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज दुसरीच्या वर्गात मागे बसले. शिक्षिका सायलीबाई तरुण आहेत आणि मोबाइलवरचे एआय वापरतात. धडा सांगितला की ते यंत्र त्याची छोटी गोष्ट करते. आधी गोरमाटीत, मग मराठीत. त्याची गोरमाटी मोडकी आहे. म्हणून बाई प्रत्येक गोष्ट आदल्या दिवशी धुरपताबाईंना ऐकवतात, त्या सुधारून देतात, आणि मगच ती वर्गात येते.

यंत्रांविषयी मला ममत्व नाही. तसे मी बोलूनही दाखवले.

"ते शिकवत नाही, जिजाबाई. शिकवते मीच. मला यांची बोली येत नाही, तेवढी उसनी घेते."

उत्तर आवडले. मुले गोष्टीला खिळली होती. रेणूही ऐकत होती, पण मान खाली, बोट पाटीच्या कडेवर. शब्द नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

बोलली!

क्रमाने लिहिते. आज पुन्हा वर्गात मागे बसले होते. तांड्यात सध्या तीज आहे. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि गाणी म्हणत त्याला पाणी घालतात. आजची गोष्ट तिजेचीच होती. यंत्र सांगत होते: मुलगी झोपून राहिली, म्हणून तिच्या भावाने टोपलीत पाणी घातले, आणि गहू कसा तरारून—

रेणू उभी! गोरमाटीत काहीतरी जोरात म्हणाली. सायलीबाईंनी मोबाइल थांबवला. "मराठीत सांग गं, मला आणि या आजींना कळू दे. अडलं तर शेजारचा किशन सांगेल."

किशनची गरज पडली नाही. मराठी तुटकी, मध्येच हिंदी, पण मुद्दा लखलखीत.

"भाऊ नाई घालत पानी. पोरीच घालते."

"कशावरून?" मी विचारले. सवय, दुसरे काय!

"मायी याडी, माय, बी नाई घालत, तिचं लगन झालं. शेजारच्या बबलूनं टोपलीले हात लावला, तं तांड्याच्या नायकानं त्याले उठाबशा काढाले लावल्या." मग मोबाइलकडे बोट केले. "या मोबाइलले बी लावा!"

वर्ग हसला. ती सगळ्यांत जास्त हसली. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, आणि वर निकालसुद्धा!

१४ ऑगस्ट, गुरुवार

मत एका बैठकीत लिहून झाले. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला!

एक गोष्ट मात्र खटकते. धुरपताबाईंनी तपासलेल्या गोष्टीत ही चूक राहिलीच कशी? आणि तीही तिजेबद्दल? तपासणी ढिली असली पाहिजे. म्हणून शेवटी एक ओळ घातली: मुलगी याच शाळेत राहावी; यंत्राचा वापर मात्र तूर्त थांबवावा.

१८ ऑगस्ट, सोमवार

प्रस्ताव मागे! बबनरावांनी माझे मत वाचले आणि दाराशी उभ्या असलेल्या रेणूलाच विचारले, "काहून गं, माझ्याशी कधी बोलली नाहीस?"

"तुमी कधी चुकतच नाई, सर."

बबनराव मोठ्याने हसले. मग चष्मा पुसत मला म्हणाले, "सुटलो, जिजाबाई. तो कागद पाठवून बसलो असतो." लालसिंग म्हणाले, "मंग दिवाळीनंतर बी राहू द्या इथंच, आजीपाशी."

यंत्र थांबवण्याची ओळही मान्य झाली. सायलीबाई एवढेच म्हणाल्या, "बरं." मला वाटले होते, वाद घालतील.

२० ऑगस्ट, बुधवार

धुरपताबाई वांगी घेऊन आल्या. तपासणीचा विषय मी काढलाच.

"ढिली? ओ प्रोफेसरीनबाई, त्या भावाच्या हातानं पानी मीच घालाले लावलं! सायलीबाईनं इचारलं— काय उलटं सांगतलं तं रेणूच्यानं चूप राहवनार नाई? मी म्हटलं, तीज."

पूर्वपक्ष! समोरच्याने खोडावा म्हणूनच मांडलेला. मी जन्मभर हेच शिकवत आले.

ती ओळ मागे घ्यायला उद्या सकाळीच शाळेत जाते. सायलीबाई बैठकीत गप्प का राहिल्या, हे त्यांना विचारायचे कारण उरले नाही. रेणू दाराशी उभी होती. तिच्यासमोर खरे सांगितले असते, तर तिची हरकत तिची राहिली नसती.